त्सोनामावशींचं बाक

मेतोदी मास्तरांनी मार्चमधल्या एका सकाळी अर्धं मिनिट खर्च केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्या अर्ध्या मिनिटाकडे आपण शेवटी येऊ. खुद्द मास्तरांना तिथवर पोचायला आठ-नऊ महिने लागले, तेव्हा आपणही थोडा दम धरायला हरकत नाही.

कामेनब्रोदच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एकोणीस मतांनी नगरपालिकेत निवडून आले. एकोणीस मतं म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही, पण माणसाच्या चालण्यात फरक पडायला तेवढी पुरतात. त्यांची बायको सेवदा म्हणायची की हा हल्ली कोपऱ्यावरून दही आणायला निघाला, तरी मागून शिष्टमंडळ येतंय असा चालतो. मास्तरांना हे लागायचं. मग ते दही न आणताच परत यायचे आणि सेवदाला स्वतः जावं लागायचं. असो.

त्यांचं घर मुख्य रस्त्यावर, चार नंबरच्या बसथांब्यासमोर. थांबा म्हणजे काय, तर एक वाकलेला खांब आणि एक लिंडनचं जुनं झाड. आमच्या गावात माणूस गेला की तो दोन ठिकाणी जातो. एक टेकडीवरच्या दफनभूमीत आणि दुसरं या लिंडनवर. फोटो, नाव, वय, खाली घरच्यांच्या दोन ओळी, असा एक कागद छापून आणायचा आणि खळीने चिकटवायचा. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, मग दरवर्षी एक. दारांवर, खांबांवरही लावतात, पण लिंडनचा मान मोठा. तिथे सगळं गाव बसची वाट बघत उभं असतं, आणि गेलेले लोक राहिलेल्यांकडे बघत असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणापासून बघितलेल्या गोष्टीचं काय वाटायचं?

रांगेलकाकांचा कागद या झाडावर बरोबर डोळ्यांच्या उंचीला, रस्त्याकडे तोंड करून होता. जागा त्सोनामावशींनी निवडली होती. रांगेलकाकांनी एकतीस वर्षं चार नंबरची बस हाकली होती, तेव्हा समोरून बस येताना त्यांना दिसायला हवी, असं मावशींचं म्हणणं. टेकडी चढणं डॉक्टरांनी त्यांना बंद केलं होतं, गुडघे पार गेले होते. उरला हा लिंडन. रोज सकाळी साडेआठला त्या काठी टेकत यायच्या आणि वीस मिनिटं काकांना गावातल्या बातम्या सांगायच्या. मांजरीला पिल्लं झाली, भाचा जर्मनीला गेला, नवा ड्रायव्हर वळणावर गाडी फार जोरात मारतो.

मार्चमधल्या त्या सकाळी मावशींनी मास्तरांना हाक मारली.

"मेतोदी, तू आता मोठा माणूस झालास म्हणे."

"कसलं मोठं, मावशी," मास्तर म्हणाले, आणि थोडे मोठे झाले.

"मग इथे एक बाक टाकून दे. बसून बोलता येईल. उभ्या उभ्या नवऱ्याशी भांडता येत नाही रे. माझा मुद्दा यायच्या आत गुडघेच हार मानतात."

"एवढंच ना? आठवड्याच्या आत करतो."

मास्तरांनी हे अगदी मनापासून सांगितलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. त्यांच्यात लबाडी नव्हती. लबाड माणूस असता तर आठवड्यात विसरला असता आणि झाड वाचलं असतं.

शेजारच्या कुंपणावर कोपरं टेकून ग्रोझ्यू हे ऐकत होता. ग्रोझ्यू रेल्वेत सिग्नलवाला होता, आता नुसताच ऐकणारा होता. त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली. तिचा कागद त्याच लिंडनवर रांगेलकाकांच्या डावीकडे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून लावलेला होता.

"मास्तर," ग्रोझ्यू म्हणाला, "चार फळ्या आणि दोन दगड माझ्याकडे पडलेत. दुपारी ठोकून टाकू. सभेत मात्र नेऊ नका."

"असं कसं? सार्वजनिक जागा आहे ती."

"म्हणूनच सांगतो. सभेत गेलेली गोष्ट परत घरी आलेली मी बघितली नाही."

हा सल्ला सोळा आणे खरा होता, आणि म्हणूनच मास्तरांनी तो मानला नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं मुलांना सांगितलं की आधी कृती लिहा आणि मग परीक्षानळी हातात घ्या, तो दोन दगडांवर फळी ठेवून मोकळा होईल, ही अपेक्षाच चुकीची. "सगळं रीतसर होईल," असं म्हणून ते घरात गेले आणि रीतसर अर्ज लिहायला बसले.

एप्रिलच्या सभेत बाक हा विषय क्रमांक चौदा होता. नगरपालिकेचं छप्पर गळत असल्यामुळे सभा वाचनालयाच्या दिवाणखान्यात भरत असे, आणि भिंतीपलीकडे त्याच वेळी लोकनृत्याचा वर्ग चाले. ढोलाचा ठेका भिंतीतून यायचा आणि सतरा नगरसेवकांचे पाय टेबलाखाली आपोआप हलायचे. मतदानाला हातसुद्धा ठेक्यावर वर जात. सभाध्यक्ष बुचवारोव्ह हे जाडजूड, प्रेमळ गृहस्थ. त्यांचं एकच तत्त्व होतं, की जे काही व्हायचं ते सर्वानुमते व्हावं. कशाला, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

तेरा विषयांत तीन तास गेले. त्यातली पन्नास मिनिटं कॉफीच्या यंत्रावर. चौदावा विषय आला तेव्हा मास्तर उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "चार नंबरच्या थांब्यावर एक बाक असावं."

"एकच?" दातांचे डॉक्टर यानाकी विरोधी बाजूने म्हणाले.

"एकच."

"गावात अकरा थांबे आहेत. तुमच्या घरासमोरच्याच थांब्याला बाक का, मास्तर?"

सभेत खसखस पिकली. मास्तरांचे कान लाल झाले. स्वतःसाठी म्हणून त्यांनी आयुष्यात खडूचा तुकडासुद्धा घरी नेला नव्हता.

"ते माझ्यासाठी नाही. त्सोनामावशींसाठी आहे."

"नातेवाईक आहेत का तुमच्या?"

"नाहीत."

"मग बाकीच्या दहा थांब्यांवरच्या म्हाताऱ्यांनी काय पाप केलंय?"

इथे मास्तरांनी खाली बसून चार फळ्यांचा विचार करायला हवा होता. पण मानी माणूस चिडला की उदार होतो. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. अकराही थांब्यांना बाकं द्या."

"नुसती बाकं कशाला," बुचवारोव्ह खूश होऊन म्हणाले, "निवारेच करू. काचेचे. युरोपच्या निधीतून होतं ते." आणि विषय सर्वानुमते 'थांबे सुशोभीकरण उपसमिती'कडे गेला. उपसमितीचे अध्यक्ष म्हणून मास्तरांचं नाव यानाकींनीच सुचवलं. मास्तरांना वाटलं, हा आपला विजय. सेवदाने संध्याकाळी जेवताना विचारलं, "मग बाक कधी येतंय?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाक आता उपसमितीच्या ठरावात कलम चारमध्ये गेलंय.

मावशींना त्यांनी दुसऱ्या दिवशी थांब्यावर सगळं समजावून सांगितलं. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

"काचेचं?" त्या म्हणाल्या.

"काचेचं, मावशी. वर छप्पर. पाऊस लागणार नाही."

"मला लाकडाचं चाललं असतं." मग त्या झाडाकडे वळून रांगेलकाकांना म्हणाल्या, "ऐकलंस का? आपल्याला छप्पर मिळणार आहे."

एप्रिल गेला, मे गेला. मावशी रोज उभ्या राहत होत्या. वीस मिनिटांची पंधरा झाली, पंधराची दहा. मास्तर खिडकीतून बघायचे आणि उपसमितीच्या कागदांत डोकं घालायचे. कागद पुष्कळ होते. झाडापासून निवाऱ्याचं अंतर, झाडाचं वय, झाड आजारी नसल्याचा दाखला. हा दाखला देणारा माणूस जिल्ह्याच्या गावी बसत असे आणि बुधवारीच बसत असे, आणि मास्तर गेले त्या तिन्ही बुधवारी तो दुसऱ्या कुठल्या तरी झाडाकडे गेलेला होता. चौथ्या वेळी भेटला. त्याने दाखला दिला आणि वर विचारलं, "पण मास्तर, तुम्हाला नक्की काय हवंय?" मास्तर म्हणाले, "बाक." त्याने त्यांच्याकडे जरा काळजीने बघितलं.

जुलैत राजधानीतून, सोफियाहून पत्र आलं. निधी मंजूर होता, फक्त एक अट होती. परिसर स्वच्छ आणि नीटनेटका राखला जाईल, असा नियम नगरपालिकेने करावा. नियमाचा मसुदा उपसमितीने द्यायचा होता, आणि मसुदा म्हटलं की मास्तरांच्या हाताला कंड सुटायची.

शिवाय त्या आठवड्यात त्यांचं एक वैयक्तिक दुःख ताजं होतं. त्यांनी आपल्या फाटकाला स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिला होता, दोन हात. तो वाळायच्या आत कुणीतरी त्याच्यावर 'पन्हाळी साफ करून मिळतील' अशी जाहिरात डकवून गेलं. ती काढताना रंगही निघाला. थांब्याच्या खांबावर तर नुसता बाजार होता, जळाऊ लाकूड, शिकवण्या, शेळी विकणे आहे. मास्तरांनी पेन उचललं आणि सगळा राग मसुद्यात ओतला.

'थांबे, खांब, झाडे, तसेच सार्वजनिक रस्त्याकडे तोंड असलेल्या भिंती, दारे व फाटके यांवर जाहिराती, पत्रके, सूचना व इतर कोणतेही छापील कागद चिकटवण्यास मनाई राहील.'

'इतर कोणतेही छापील कागद' हे शब्द त्यांना फार आवडले. व्याख्येत भोक राहता कामा नये, हे ते मुलांना नेहमी सांगत. इथे शेळीवाल्याला निसटायला जागाच ठेवलेली नव्हती. सेवदाला त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. ती वांगी भाजत होती. "छान आहे," म्हणाली.

सभेत मसुदा मोठ्याने वाचला गेला. आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण पुढे गावात यावरून फार बोललं गेलं. त्या दिवाणखान्यात सतरा नगरसेवक होते, शिवाय सभेची सचिव झ्लातिना होती. यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या वेळी गावातल्या कुठल्यातरी झाडावर, दारावर नाहीतर खांबावर होतं. बुचवारोव्हांची बहीण औषधाच्या दुकानाच्या दारावर होती. यानाकींचे वडील याच लिंडनवर होते. आणि एकाच्याही मनात आलं नाही की हा नियम त्यांना लागू होतो. कसं येणार? शेळीची जाहिरात हा कागद होता. लिंडनवर होता तो यानाकींचा बाप होता. बापाला कुणी छापील कागद म्हणतं का?

भिंतीपलीकडे ढोल वाजत होता. सतरा हात ठेक्यावर वर गेले. यानाकींनी उठून मास्तरांचं अभिनंदन केलं. "चोख मसुदा," ते म्हणाले. मास्तर त्या दिवशी घरी दही घेऊन गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी निवारा आला. एका सोमवारी दिवसभर काम चाललं. मंगळवारी सकाळी मास्तर काळा कोट घालून आठ वाजताच थांब्यावर गेले. निवारा खरंच सुरेख होता. आत धातूचं बाक, चार माणसं बसतील एवढं. फीत कापायला बुचवारोव्ह नऊला येणार होते, पण बाकावर पहिल्यांदा त्सोनामावशींनीच बसायचं, हे मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी बाक रुमालाने पुसून ठेवलं. इतके ते बाकाकडे बघत होते की झाडाकडे त्यांची पाठ होती.

साडेआठला मावशी आल्या. बाकाकडे न बघता सवयीने झाडापाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मावशी, इकडे या. बसा."

मास्तर वळले.

लिंडन नागडा होता. नियम त्या दिवसापासून लागू झाला होता. पहाटे पालिकेचे दोघे गरम पाणी आणि पत्र्याची खरवडणी घेऊन आले होते आणि त्यांनी नियमाप्रमाणे काम केलं होतं. चोख केलं होतं. डोळ्यांच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत सालीचा रंग वेगळा, फिका, ओला दिसत होता.

"मेतोदी," मावशी म्हणाल्या, "रांगेल कुठे गेला?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर त्यांचं स्वतःचं वाक्य उभं राहिलं, स्वल्पविरामांसकट.

"गाडीत नेलं असेल, मावशी. मी आणतो."

"नेलं म्हणजे? कुठे?"

मास्तर काळ्या कोटातच पालिकेच्या आवारात धावले. तिथे पोत्यांत ओल्या लगद्याचे गोळे होते. त्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. कुणाची मिशी, कुणाचा टोपीचा काठ, कुणाचं अर्धं आडनाव हाताला लागलं. रांगेलकाका सापडले नाहीत. परत आले तेव्हा बुचवारोव्हांनी फीत कापून टाकली होती, मावशी निघून गेल्या होत्या, आणि बाकावर जिल्ह्याचा फोटोग्राफर बसून लोणीपाव खात होता.

संध्याकाळी ग्रोझ्यू कुंपणापाशी आला. कोपरं टेकली नाहीत.

"आईची पिशवीसुद्धा नेली," तो म्हणाला.

"आपण नवा छापून घेऊ, ग्रोझ्यू. मी स्वतः जातो."

"कशावरून छापणार? तिचा एकच फोटो होता. छापखान्यात दिला तो परत आला नाही, आणि छापखाना बंद पडला. होता तो त्या झाडावर होता."

ग्रोझ्यूने सल्ल्याची आठवणसुद्धा करून दिली नाही. करून दिली असती तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मास्तरांनी केलेली धावपळ लिहायची म्हणजे वेगळं दप्तर लागेल. नियम रद्द करायचा ठराव त्यांनी मांडला. झ्लातिनाने फाइल उघडून दाखवली, निधीच्या करारानुसार नियम पाच वर्षं बदलता येत नव्हता. "ही पाच वर्षांची हमी तुमच्याच सहीने गेलीय, मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी होती, तिलाच वाईट वाटत होतं. मग मास्तरांनी पालिकेच्या अधिकृत फलकावर जागा मिळवली. त्यासाठी रांगेलकाकांचा मृत्यूचा दाखला, मावशींचा अर्ज आणि दोन शिक्के लागले. फलकावर चौदा दिवसच राहायची परवानगी होती. काका कचरागाडीच्या निविदेशेजारी लागले, कुलूपबंद काचेआड. मास्तर आनंदाने मावशींना घेऊन गेले. फलक अकरा पायऱ्या वर होता. मावशींनी तीन पायऱ्या चढून बघितल्या, मग खालूनच हात हलवला आणि परत फिरल्या.

गावाने मास्तरांशी बोलणं टाकलं. त्यांच्याबरोबर हात वर केलेले सोळा जण त्यात सगळ्यात पुढे होते. यानाकी तर चारचौघांत म्हणाले, "बापाला कागद म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला." मास्तरांना वाटलं, ओरडून सांगावं की तुम्हीच माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतंत. पण त्यांना आपला चेहरा त्या वेळी किती फुलला होता तेही आठवलं, आणि ते तसेच घरी वळले.

नोव्हेंबरात रांगेलकाकांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या सकाळी मास्तरांच्या फाटकावर काठीचे टकटक आवाज आले. मावशी उभ्या होत्या. एका हातात खळीची वाटी आणि बगलेत गुंडाळलेला नवा कागद.

"मेतोदी, हे फाटक तुझं ना?"

"माझंच, मावशी."

"सभेचं नाही ना?"

"नाही."

"मग धर जरा वाटी."

"तुमच्या दारावर, मावशी..."

"घरात तो आहेच. पण माझं घर बोळात. तिथून बस दिसत नाही त्याला. इथून दिसते."

मास्तरांनी वाटी धरली. आपलंच कलम त्यांना तोंडपाठ होतं, 'दारे व फाटके' हे शब्दसुद्धा. त्यांनी कागदाचा वरचा कोपरा धरून सरळ केला. हिरव्या रंगावर रांगेलकाका चांगले दिसत होते.

आता गावात कुणाच्या फाटकावर असा कागद दिसला, की त्या घरात कुणीतरी गेलं असा अर्थ होतो. नाव वाचायच्या आधी लोक हळहळतात. दुपारपर्यंत पोस्टमन टोपी काढून गेला. बेकरीवालीने सेवदाला मिठी मारली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी फार मनाला लावून घेतलं त्यांनी." सेवदा म्हणाली, "आत आहे तो, कांदा चिरतोय." लोक गेलेल्या माणसासाठी नेतात तशी चार चार फुलं घेऊन आले, जिवंत मास्तरांना दारात बघून ओशाळले, आणि फुलं परत कशी न्यायची म्हणून तिथेच ठेवून गेले. नगरपालिकेतर्फे तर पुष्पचक्रच आलं, 'आमच्या कर्तव्यदक्ष सहकाऱ्यास'. बुचवारोव्हांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकून सर्वानुमते पाठवलं होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मास्तरांबद्दल चांगलं बोललं होतं. त्यांनी ते चक्र कोठीत नेऊन ठेवलं आणि बराच वेळ तिथेच स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली आपल्या वडिलांचा कागद घेऊन आली. "तुमचं फाटक रुंद आहे," एवढंच म्हणाली. मग पोस्टमन आला, भावाला घेऊन. आठवड्यात फाटक भरलं आणि माणसं भिंतीवर गेली. एका संध्याकाळी यानाकी आले, मास्तरांकडे न बघता वडिलांना लावलं, तळव्याने कागद सपाट केला आणि गेले. मास्तरांनी फाटकावर रांगेलकाकांच्या डावीकडे एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे कुणी कागद आणला तर ते नम्रपणे भिंत दाखवत. ग्रोझ्यू आला नाही. त्याच्याकडे आणण्यासारखं काही नव्हतं, हे मास्तरांना माहीत होतं. तरी जागा मोकळी होती.

महिनाअखेरीस नोटीस आली. सार्वजनिक रस्त्याकडे तोंड असलेल्या फाटकावर व भिंतीवर एकूण एकतीस छापील कागद आढळले. सात दिवसांत न काढल्यास पालिका काढेल. मास्तरांनी ती उभ्याउभ्या वाचली. भाषा निर्दोष होती, स्वतःचीच होती. त्यांनी पोच म्हणून सही केली आणि फाटकाला हात लावला नाही.

आठव्या दिवशी पहाटे तेच दोघे आले, बादली आणि खरवडणी घेऊन. मास्तर फाटकापाशी उभे होते. काय बोलायचं ते रात्रभर घोकून ठेवलं होतं, पण एकही वाक्य आठवेना. दोघांतला थोरला कामगार भिंतीजवळ गेला, एक एक कागद बघत शेवटपर्यंत चालत गेला आणि एके ठिकाणी थांबला.

"ही आमची आत्या," तो म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "परवा तुमच्या बायकोने आणून लावली."

त्याने गरम पाण्याची बादली उचलली, सेवदाच्या वाफ्यापासून जरा लांब, गटारात ओतली, वहीत 'काम पूर्ण' असं लिहिलं आणि दोघेही गेले. नियम अजून आहे. वहीप्रमाणे आमची भिंत स्वच्छ आहे.

साडेआठला मावशी आल्या. आभाळ भरलं होतं, बर्फाळ भुरभुर सुरू झाली होती. मास्तर आता रोज करत तसं घरात गेले, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि फाटकासमोर आणून ठेवली. मावशी बसल्या, काठी गुडघ्यांवर आडवी धरली. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

"माझ्यावर नको, त्याच्यावर धर," मावशी म्हणाल्या. "मी वाळते. त्याची शाई पसरेल."

मास्तरांनी छत्री रांगेलकाकांवर धरली. रस्त्यापलीकडे काचेचा निवारा चमकत होता. बाकावर कुणी नव्हतं. चार नंबरची बस आली, थांबली, गेली.

"तुझं घर आणि ते झाड," मावशींनी विचारलं, "किती पावलं रे?"

"चाळीस. अर्धं मिनिट," मास्तर म्हणाले. निवाऱ्याच्या नकाशासाठी त्यांनीच ती मोजली होती.

मावशी खुर्चीच्या हातावरून हात फिरवत, अगदी सहज म्हणाल्या, "मार्चमध्येच ही खुर्ची तिकडे नेऊन ठेवली असतीस तर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. मास्तरांनी शेजारच्या अंगणाकडे बघितलं. ग्रोझ्यूच्या चार फळ्या भिंतीला टेकून भिजत उभ्या होत्या.

"सुचलं नाही, मावशी."

"असू दे," मावशी म्हणाल्या, आणि नवऱ्याला मांजरीची बातमी सांगू लागल्या.